ह्यांचं आणि माझं

आमच्या घरच्या कॉम्प्युटरच्या चौकटीवर, खाली डाव्या कोपऱ्यात, लाल नेलपॉलिशचा एक ठिपका आहे. पाहुणे तो नखाने खरवडून पाहतात आणि आईची बोलणी खातात. तो तिथे कसा आला हे सांगायचं तर आईचं कौतुक करावं लागेल. तिच्या तोंडावर मी ते कधीच करत नाही, नाहीतर डोक्यावर बसेल.

बाबा कारखान्याच्या ऑफिसातून निवृत्त झाले. दर पौर्णिमेला विहारात वंदना झाली की मुलांसाठी स्वतः लिहिलेलं एक पान ते मराठीत वाचायचे. हिंदी मुलखातल्या महाराजपूरच्या आमच्या वस्तीतल्या पोरांना मराठी कळते, पण बोला म्हटलं की हिंदीत पळतात. म्हणून बाबांना त्या पानाचं फार महत्त्व. मग त्यांना लकव्याचा झटका आला. उजवा हात लुळा पडला. जीभ हळूहळू सुटली, पण आता डोकंही जाणार, ही भीती मनात बसली ती बसलीच. चष्मा सापडला नाही तरी चेहरा उतरायचा. त्या दिवसांत त्यांना एकाच गोष्टीचा धीर होता. डाव्या हाताने का होईना, कॉम्प्युटरवर आपलं पान आपण टाइप करायचं. त्या लिहिण्याच्या प्रोग्राममधलं कुठलं बटण कुठे आहे, हे त्यांनी डोळे मिटून सांगितलं असतं. ते जमतंय तोवर डोकं शाबूत, असं त्यांनी स्वतःशी ठरवून टाकलं होतं.

आई राइट टाउनच्या शाळेतून निवृत्त झालेली मास्तरीण. विहारातल्या बायकांची पत्रकं तीच करायची. बाकीच्यांनी पाठवलेल्या फायली आमच्या जुन्या ऑफिस-संचात, म्हणजे बाबांच्या त्या लिहिण्याच्या प्रोग्राममध्ये, नीट उघडत नव्हत्या, म्हणून तिने एक नवा संच उतरवून घेतला. दोन्ही फुकटचे, दोन्ही एकाच मुळातून फुटलेले, सख्ख्या बहिणींसारखे दिसणारे. जुना तिने काढला नाही. सांगितलंही कोणाला नाही. तिच्या लेखी त्यात सांगण्यासारखं काही नव्हतंच.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबांनी आपल्या फाइलवर टिचकी मारली आणि ती नव्या संचात उघडली. तेच पांढरं पान, वर तशाच बारीक चित्रांच्या ओळी. पण अक्षर ठळक करायचं बटण जागेवर नाही. उजवीकडे एक पट्टी, ती काल नव्हती. बाबांनी बराच वेळ शोधलं. मग कॉम्प्युटर बंद करून खिडकीशी जाऊन बसले.

जेवायला बसल्यावर म्हणाले, "या पौर्णिमेला दुसऱ्या कोणाला सांगा. माह्या डोक्यातून सगळं पुसून राहिलं."

डॉक्टरांना फोन लावावा म्हणून मी उठले. आईने मात्र ताटावरून उठून हात धुतले, कॉम्प्युटर लावला, बाबांची फाइल उघडून पाहिली आणि मोठ्याने हसली. मला तिचा इतका राग आला!

"अहो, इकडे या जी," ती म्हणाली. "तुम्ही माझ्यावाल्यात जाऊन बसले होते."

तिने दोन्ही संच उघडले, पडद्याचे दोन भाग करून शेजारी शेजारी, प्रत्येकात एक कोरं पान. "हे तुमचं. हे माझं. आता तुमच्यात शोधा बटण."

बाबांचा डावा हात सरळ तिथे गेला. त्यांनी परत करून पाहिलं. परत गेला. मग आईच्या पानात शोधायला लागले, तर सापडेना.

"तिथं मलाही रोज शोधावं लागते," आई म्हणाली.

"म्हणजे मी नाही बदललो," बाबा म्हणाले. त्यांचे डोळे भरून आले होते.

"तुम्ही काहून बदलान? चलो, जेवण थंडं होऊन राहिलं."

त्या दुपारी मी शहाणपणा शिकवला, की एकाच कामाला दोन-दोन कशाला, एक काढून टाक. आई म्हणाली, "कोणाचं काढू?" विहारात भोजनदान असलं की घरोघरची पातेली आणि पराती जातात. सगळी सारखीच. आपलं भांडं आपल्याच घरी परत यावं म्हणून आई प्रत्येकाच्या बुडाला नेलपॉलिशचा ठिपका देते. सारखं दिसतं म्हणून कोणी भांडं फेकून देत नाही, हे तिचं साधं शास्त्र. तिने पडद्यावरच्या दोन्ही संचांच्या चित्रांखालची नावं बदलली, एकाखाली 'ह्यांचं', दुसऱ्याखाली 'माझं'. बाबांचं चित्र खाली डाव्या कोपऱ्यात नेलं आणि त्याच्या खालच्या चौकटीवर बाटली उघडून ठिपका दिला. बाबांच्या प्रकारच्या फायली जुन्या संचाला जोडून दिल्या आणि स्वतःच्या फायली ती वेगळ्या प्रकारात ठेवायला लागली, म्हणजे बाबांच्या फाइलवर टिचकी मारली की बाबांचंच उघडावं. एवढी उठाठेव मी तरी केली नसती. तिने ती केली आणि वर चहाही मलाच करायला लावला.

पौर्णिमेला बाबा विहारात उभे राहिले. कागद डाव्या हातात. अर्ध्यावर आले आणि अडखळले. ओळ हातातच होती, तरी एक शब्द काही केल्या जिभेवर येईना. पोरं टकामका बघायला लागली. महिन्यापूर्वी असं झालं असतं तर ते तिथेच खाली बसले असते आणि पुन्हा कधी उठले नसते.

बाबांनी पुढे बसलेल्या आईकडे पाहिलं.

"थांबा," ते माइकमध्ये म्हणाले, "हे तिचंवालं उघडलं वाटते. माझं उघडतो."

कोणालाच काही कळलं नाही. आई तोंडाला पदर लावून हसत होती. बाबांनी कागद नीट धरला आणि पान शेवटपर्यंत वाचलं.