पंधरा लाल, एक पिवळी

चहा निवला तरी चालेल, पण हे आधी ऐका. ही फजिती मी स्वतःच्या तोंडाने सांगितली नाही, तर लालबागची माणसं तिखटमीठ लावून सांगतील. आणि आमच्या बाजारात तिखटाला काय तोटा?

तर माझं दुकान कपड्यांचं. मंडळांचे कुर्ते, गोविंदांचे टी-शर्ट, कबड्डी संघांच्या जर्सी, सगळं शिवून देतो. शाळा सातवीत सुटली. पण माणसाच्या खांद्याकडे बघून माप सांगतो आणि चेहऱ्याकडे बघून त्याच्या मनातलं. म्हणजे, असा आपला माझा समज होता!

महिलांच्या राष्ट्रीय फुटबॉल लीगचा नवा सीझन महिन्यावर आला होता आणि आमच्या भागातल्या क्लबला त्यात पहिल्यांदाच खेळायला मिळणार होतं. क्लबच्या कोच लोबो मॅडम, माझगावच्या. एका सकाळी त्या दुकानात आल्या, जुन्या जर्सींचं गाठोडं मापासाठी टेबलावर ठेवलं आणि कागद हातात दिला. पंधरा लाल, एक पिवळी.

मी म्हटलं, "मॅडम, ही एक पिवळी कशाला? लाल कापडाची काळजी करू नका, माझ्याकडे तागेच्या तागे पडलेत."

"कापडाचा प्रश्न नाही शेठ. सायलीला वेगळी लागते."

"लागते म्हणजे?"

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला आणि बाई बोलत बोलत बाहेर पडल्या. माझ्या डोक्यात मात्र किडा सोडून गेल्या.

संध्याकाळी मी परळच्या मैदानावर गेलो. माणूस बघितल्याशिवाय मी कात्री चालवत नाही. बघतो तर काय? सगळ्या पोरी लाल रंगात धावताहेत, एकमेकींना हाका मारताहेत, हसताहेत. आणि पार टोकाला, गोलाच्या जाळीपाशी, एक उंच सावळी पोर एकटीच उभी. अंगात विटका पिवळा टी-शर्ट. जवळ कुणी नाही, बोलायला कुणी नाही.

आता मला सांगा, आपल्या गल्लीत गोलात कुणाला उभं करतात? ज्याला खेळता येत नाही त्याला! मी जन्मभर कबड्डीच्या मातीत वाढलेला माणूस. कबड्डीत सातच्या सात गडी एका रंगाचे. फुटबॉलचं माझं ज्ञान गल्लीपुरतं, आणि गल्लीत तर अर्धी पोरं उघडीच खेळायची.

मी जाळीमागून हाक मारली, "काय गं पोरी, नाव काय?"

"सायली, काका."

"कुठली तू?"

"कोळीवाड्यातली. आई मासळी विकते."

झालं! माझ्या डोक्यात टाका पडला: गरीब मासळीवालीची पोर, म्हणून वेगळी काढली! "सगळ्या लाल घालतात, तू पिवळा का?"

"मला वेगळाच घालावा लागतो."

"कोण म्हणतं?"

"नियमच आहे काका."

"नियम? आणि तुला वाईट नाही वाटत?"

पोरगी हसली. "सवय झाली आता."

सवय झाली म्हणे! अहो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कारण सांगतो. गिरणी संपाच्या वर्षी वडिलांचा विणायचा साचा बंद, म्हणजे घरची चूलही बंद. वडील ज्या गिरणीत विणायचे, तिथलं तुकड्यातलं कापड दरवर्षी आमच्या चाळीत यायचं आणि लेझीमच्या पथकाला त्याचेच सदरे शिवायचे. सगळी पोरं एका ताग्यातली. त्या वर्षी ज्याने त्याने आपापला पांढरा सदरा आणायचा ठरलं. आमच्याकडे पांढरा नव्हता. अख्ख्या रांगेत मी एकटा चौकडीचा! मिरवणूक गेली डिलाईल रोडवरून, आणि मला वाटत होतं गॅलऱ्यांतली सगळी माणसं मलाच बघताहेत.

ते आठवलं आणि मी जाळीला तोंड लावून सायलीला सांगितलं, "घाबरू नको. या सीझनला तूसुद्धा लाल!"

ती पुन्हा हसली. तिला वाटलं, म्हातारा गंमत करतोय.

घरी बायकोला सांगितलं. आमची मंडळी मालवणची. तिने कागद वाचला आणि म्हणाली, "पिवळो लिवलेलो आसा, तर पिवळो शिवा. तुमका कित्याक होयो नसतो उपद्व्याप?"

"अगं, अन्याय आहे हा!"

"अन्याय तिच्यावर आसा तर ती बोलात. तुमका तिणा वकीलपत्र दिल्यान काय?"

पण ऐकेल तो मी कसला! सोळाच्या सोळा लाल. सायलीच्या जर्सीला तर मी स्वतः दुहेरी शिलाई मारली. आणि तो विटका पिवळा टी-शर्ट? तो मापासाठी म्हणून तिच्याकडून मागून आणला होता. माप घेतलं आणि कात्रीने त्याचे चार तुकडे केले. शिलाई मशीनला तेलपाणी करायला फडकं हवंच होतं. म्हटलं, या पोरीने तो रंग पुन्हा बघायलाही नको.

रविवारी सराव सामना. पुण्याहून पाहुणा संघ आलेला, रंग पांढरा. क्लबची कमिटी खुर्च्या मांडून बसलेली. मला नारळ फोडायला बोलावलेलं, म्हणून मी नवाकोरा पोपटी रेशमी सदरा घालून हजर. नव्या जर्सींचं गाठोडं मी मुद्दाम ऐनवेळी सोडलं. म्हटलं, बघू दे पोरीचं तोंड कसं खुलतं ते!

पोरीचं तोंड खुललं नाही. उतरलं.

"काका, माझी पिवळी?"

"आता पिवळी विसर! तुझा मान मोठा!"

लोबो मॅडम धावत आल्या. "शेठ, गोलकीपरची जर्सी कुठाय?"

"ही काय, तिच्या हातात. बाकीच्यांच्या बरोबरीची."

"बरोबरीची?" बाईंनी कपाळाला हात लावला. "अहो, गोलकीपर एकटीच बॉलला हात लावू शकते. रेफ्रीला ती लांबून ओळखू यावी म्हणून तिचा रंग वेगळा असतो! जगभर असतो!"

मी नारळ हातात घेऊन उभा. त्या क्षणी तो स्वतःच्या डोक्यावर फोडावासा वाटला.

आणि नुसता माझा पचका असता तर चाललं असतं हो. मॅडमनी हळू आवाजात सांगितलं ते ऐका. कमिटीचं म्हणणं होतं, या सीझनसाठी गोव्याहून नामवंत गोलकीपर आणू. मॅडम अडून बसल्या होत्या, आधी आमच्या सायलीचा खेळ बघा. आज तोच बघायला मंडळी जमली होती. आज ती गोलात उभी राहिली नाही, तर गोव्याचं तिकीट निघणार!

रेफ्री घड्याळ बघत म्हणाला, "वेगळा रंग नाही, तर सामना नाही. दहा मिनिटं देतो."

"जुनी जर्सी आणा शेठ, पटकन!"

"ती... मशीनला तेल पुसतेय."

"सरावाच्या बिनबाह्यांच्या बंड्या असतील ना?"

त्याही गेल्या वर्षी मीच शिवलेल्या. लाल. एकाच ताग्यातल्या!

पाहुण्यांच्या गोलकीपरकडे एकच निळी, ती तिच्या अंगात. तेवढ्यात सायलीची आई, हिराबाई, कमरेला पदर खोचून पुढे आली. "अरं शेट, काय केलंस रं! माझ्या पोरीचं वाईट करायला तुलाच बरा टाइम गावला?"

"हिराबाई, मी भलं करायला गेलो..."

"तुझं भलं घाल चुलीत! हा पोपट कशाला घातलायस अंगात? काढ!"

काय सांगता! चारशे माणसांसमोर, कमिटीसमोर, मी बटणं सोडली. सदरा सायलीच्या गुडघ्यापर्यंत आला. मॅडमनी बाह्या वर दुमडल्या आणि पाठीवर चिकटपट्टीने एक आकडा काढला. रेफ्रीने मान हलवली. सामना सुरू!

पोरगी काय खेळली हो! रेशीम फडफडत इकडून तिकडे झेप. मातीत पडते, उठते, पुन्हा झेप. अर्ध्या तासात सदऱ्याची दोन बटणं उडाली, पण गोल एकही नाही. मी बनियनवर, सगळी लाज विसरून, बाजूच्या रेषेवरून बॉलसोबत पळतोय, "बरोब्बर! सोडू नको!" असं ओरडतोय.

आणि तिथेच दुसरा घोटाळा झाला. पाहुण्यांची एक पोर बॉल घेऊन सुसाट आली. आमच्या दोघींनी तिला घेरलं. तिने मान न वळवता डोळ्याच्या कोपऱ्यातून पाहिलं, रेषेजवळ पांढऱ्या रंगातलं कुणीतरी पळतंय. दिला की तिने बॉल मला!

बॉल माझ्या पोटावर आपटला. मी मटकन खाली बसलो.

शिट्टी! रेफ्री तरातरा आला. "ओ काका, तुमचा रंग पाहुण्यांचा आहे. चला, बाहेर!"

"अहो, मी प्रेक्षक आहे!"

"गेटच्या बाहेरचे प्रेक्षक व्हा!"

उरलेला सामना मी गेटच्या गजांतून पाहिला. सामना शून्य-शून्य सुटला. कमिटीचे अध्यक्ष उठले आणि सगळ्यांसमोर म्हणाले, गोव्याला कुणी जायचं नाही, आपली पोर बरी आहे. हिराबाईने तिथेच पोरीची दृष्ट काढली. मग मायलेकी गेटपाशी आल्या.

सायली म्हणाली, "काका, राग येणार नसेल तर हा सदरा ठेवू? लीगला बॅगेत नेईन. लाभी आहे."

आता नाही कोण म्हणणार? असं समाधान मला हजार जर्सी शिवूनही मिळालं नव्हतं. फक्त एवढंच, की चाळीस वर्षं सगळ्या लालबागला कपडे घालणारा हा शेठ भर दुपारी बाजारातून बनियनवर घरी गेला. प्रत्येक दुकानदार बाहेर येऊन बघत होता.

बायकोने दार उघडलं, मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सदरो खंय?"

"त्याची निवड झाली. राष्ट्रीय लीगला चाललाय."

"आणि तुमी?"

"मला पहिल्याच सामन्यात बाहेर काढलं."