लॉटरीचा कडता

माझ्या बाबांनी गुलाबकाकाचे तीस हजार खाल्ले, असं अख्ख्या दारव्ह्याचं म्हणणं होतं.

अख्ख्या दारव्ह्यात मीही आले.

आज बाबांना जाऊन एक वर्ष झालं. सकाळी घरी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. सगळे चांगलंच बोलले. गेलेल्या माणसाबद्दल बोलतातच. मी मात्र एकेकाच्या तोंडाकडे बघत होते, यातल्या कोणाकोणाला अजून तसंच वाटत असेल म्हणून.

स्वभाव आहे माझा. देवमाणूस म्हटलं की मी आधी पर्स सांभाळते.

बाबा कापसाच्या जिनिंगमध्ये हमाल होते. कंबर गेली तेव्हा एसटी स्टँडसमोर लॉटरीचं टेबल टाकलं. एक टेबल, वर छत्री, दोरीला चिमट्यांनी लावलेली तिकिटं.

कापसाचे वाईट दिवस होते. जिनिंग कधी चालू, कधी बंद. बंद असली की हमाल आमच्या टेबलाशी येऊन उभे राहायचे. हाताला काम नाही आणि तिकिटाला पैसे आहेत, हे मला तेव्हाही पटायचं नाही.

बाबा स्वतः कधी तिकीट घ्यायचे नाहीत. मला त्याचाही संशय.

"तुम्ही काहून नाही खेळत?"

"कोणाले लागत नाही, ते मी रोज पाह्यतो न."

मग एकदा गुलाबकाकाला लागली. एक लाख!

गुलाबकाका जवळच्या तांड्यावरचा. जिनिंगमधला बाबांचा जोडीदार. वीस वर्षं दोघांनी गाठी उचलल्या, एका डब्यात जेवले.

काकाचं बँकेत खातं नव्हतं, पॅन कार्ड नव्हतं. म्हणून दोघांनी ठरवून तिकिटाच्या मागे बाबांचं नाव लिहिलं. पैसे आले बाबांच्या खात्यात. टॅक्स कापून, सत्तर हजार.

बाबांनी ते सगळे चहाच्या टपरीवर, चार लोकांसमोर काकाच्या हातात दिले. आणि टीडीएस म्हणजे काय ते समजावून सांगायला गेले.

"गुलाबभाऊ, सरकारनं तीस टक्के कडता कापला."

झालं. हा एक शब्द नडला.

आमच्याकडे कडता कोणाला माहीत नाही? कापूस ओला आहे, कचरा आहे, असं म्हणून व्यापारी काट्यावर जे वजन मारतो, तो कडता. आणि तो कोणाच्या घरात जातो, हेही सगळ्यांना माहीत. बाबांना वाटलं, हमालाला हमालाच्या भाषेत सांगावं.

काका बघतच राहिला.

"तिकिटाले कायचा कडता? तिकीट का वल्लं होतं?"

टपरीवर सगळे हसले. काका हसला नाही.

तिकीट विकणाऱ्यालाही थोडा बोनस मिळतो. बाबांना पाच हजार मिळाले होते. मित्र दुखावला म्हणून ते पण त्यांनी काकाला नेऊन दिले. काकानं घेतले, आणि त्या दिवसापासून बोलणं बंद केलं.

गाव म्हणालं, "खाल्ले नसते तं हे देल्ले कायले असते?"

मी दहावीत होते. जेवताना मीही बाबांना हेच विचारलं. याच शब्दांत.

बाबांनी माझ्याकडे बघितलं. "जेव," म्हणाले. स्वतः उठून गेले.

हळूहळू टेबलावर कोणी येईना. शेवटी बाबा लोहाऱ्याला एमआयडीसीत वॉचमन म्हणून लागले. मी बी.कॉम. केलं आणि यवतमाळला एका सीएच्या ऑफिसात नोकरी धरली.

तिथं एक दिवस एका क्लायंटचा लॉटरीचा कागद माझ्या टेबलावर आला.

सर म्हणाले, "लॉटरीवर सरळ तीस टक्के. हमाल असो की शेठ."

"आणि नंतर रिफंड?"

"नाही मिळत."

खरं सांगते, तो रिफंडचा प्रश्न मी बाबांसाठी विचारला होता. मागून गुपचूप रिफंड घेतला असेल तर?

रविवारी घरी गेले आणि बाबांकडे टीडीएसचं सर्टिफिकेट मागितलं. जणू मीच इन्कम टॅक्सवाली.

त्यांनी काढून दिलं. प्लास्टिकच्या पिशवीत नीट जपून ठेवलेलं. मी आकडे बघितले, शिक्का बघितला, तारीख बघितली.

"बरोबर आहे," मी म्हणाले.

क्लायंटला म्हणते तसंच.

बाबा थोडा वेळ थांबले. मग म्हणाले, "गुलाबले वाचून दाखोशीन? त्याले वाचता येत नाही. माह्यावर त्याचा इस्वास नाही."

मी तांड्यावर गेले. काकाला एकेक ओळ वाचून दाखवली. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं.

"मी वीस वर्सं हारलो, तवा सरकारनं त्यातले तीस टक्के भरले का? मंग जितल्यावरच कसं आलं?"

मी सर्टिफिकेट परत पिशवीत घातलं.

"आन् तू पोरगी कोनाची? त्याचीच न?"

घरी येऊन मी बाबांना सांगितलं. मला वाटलं, वाईट वाटेल त्यांना. ते हसले.

"त्याचं काय चुकलं? बाहेरचा मानूस हाय तो. तू तं घरची..."

पुढचं बोलले नाहीत. चहा ठेवायला आत गेले.

त्यानंतर पाच वर्षं बाबा होते. दर रविवारी मी घरी जायचे. भाजीचे भाव बोललो, पाऊसपाणी बोललो, माझी नोकरी बोललो. तो विषय पुन्हा कधी निघाला नाही. मी काढला नाही.

त्या दिवशी "बरोबर आहे" एवढंच म्हणाले मी. दुसरं काहीतरी म्हणायला हवं होतं. ते ऐकायलाच बाबा थांबले होते, हे मला तेव्हाही कळलं होतं.

बाबा, माझं चुकलं.

मनापासून आदरांजली. जयभीम.