एकाच माणसाच्या अकरा बाटल्या

ते प्रकरण आठवलं की आजही मला आधी हसू फुटतं आणि मग विचार पडतो. शिरूर तालुक्यातल्या एका ठाण्याचा मी प्रभारी होतो. सकाळची हजेरी उरकून चहा हातात घेतला, तोच पुण्याच्या एक डॉक्टरबाई समोर येऊन बसल्या. न्हावऱ्याकडच्या एका गावात त्या मूत्रपिंडाच्या आजारावर संशोधन करत होत्या. गावकऱ्यांना बाटल्या द्यायच्या, सकाळची लघवी गोळा करायची आणि पुण्यात नेऊन तपासायची, असं काम.

"साहेब, एका आळीतून अकरा बाटल्या आल्या," बाई म्हणाल्या. "नावं अकरा, पण लघवी एकाच माणसाची. सगळ्यांत एकाच वेदनाशामक गोळीचा अंश. बायकांच्या बाटल्यांतसुद्धा पुरुषाचीच."

आमच्या ठाणे अंमलदारांनी पेन खाली ठेवलं. "मॅडम, कलम कुठलं लावू?"

"कलम राहू द्या, तो माणूस शोधा. त्याच्या किडन्या निकामी होत चालल्यात. आत्ता औषध सुरू झालं तर सावरेल. नाहीतर डायलिसिस, आणि मग कुणाची तरी किडनी मिळते का याची वाट बघत बसायचं. त्याला स्वतःला पत्ताच नाही. आळीत विचारलं तर जो तो शपथेवर सांगतो, बाटली माझीच."

बेपत्ता माणसं मी खूप शोधली. तेव्हा हातात फोटो असतो, अंगावरची खूण असते. इथं बाईंनी दिलेलं वर्णन एवढंच, की पुरुष आणि लघवीत फेस. गुन्हा नव्हता, पण जीव जाणार होता. 'चौकशीकामी रवाना' अशी स्टेशन डायरीला नोंद केली आणि निघालो.

पहिल्या दिवशी आमचा पार पोपट झाला. हवालदारांना सांगितलं होतं, आळीत जो कुणी सुजलेला, फिकट, धापा टाकणारा दिसेल त्याला गोडीनं घेऊन या. त्यांनी चौघं आणले. एकाला दमा होता, एकाची आदल्या रात्रीची उतरली नव्हती, तिसरा जन्मापासूनच तसा दिसायचा. चौथे गावचे पोलीस पाटील निघाले. ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत.

मग एसटी स्टँडवरच्या आमच्या खबऱ्यानं कानात सांगितलं, "साहेब, त्या आळीतल्या दूधवाल्या आबांना विचारा. बाटल्या भरायची आयडिया त्यांचीच."

आबांना बोलावलं. खणखणीत म्हातारा, दारात म्हशी, आळीत शब्दाला वजन. दम देण्यापेक्षा चहा देऊन गप्प बसलं की माणूस लवकर बोलतो, असा माझा अनुभव. मी तेच केलं.

"आबा, बाटली तुमचीच ना?"

"व्हय. माझीच."

"मग तुमच्या सूनबाईंच्या बाटलीतही तीच निघाली. समोरच्या आजीबाईंच्याही. त्या दोघींच्या बाटल्या तुम्हीच भरल्या, असं लिहून घेऊ?"

आबांना चहाचा ठसका लागला. "आवो, काय बोलताय साहेब. पांढऱ्या केसाची तरी लाज ठेवा."

ठसका थांबल्यावर ते मोकळे झाले. "नातवाचं लगीन जमतंय. रिपोर्टात काय वंगाळ निघालं तर पाव्हनं माघारी फिरत्याल. आळीत घरटी एक पोरगं लग्नाचं हाय. आन् सँपलचं म्हनाल तर आमी डेअरीवाली मानसं. पातळ दूध नापास व्हतं, म्हनून तपासायला चांगल्या म्हशीचं फुडं करायचं. तसंच केलं. त्यानं रातभर कळशीत साठवली, सकाळी मी मापानं वाटली. कुनाला कमी न्हाई, कुनाला जास्ती न्हाई."

"कुणाची?"

"त्ये न्हाई सांगनार. त्यानं उपकार केलेत. केस करायची तर माझ्यावर करा."

"आबा, केस नाही. तो माणूस फार आजारी आहे. जिवावरचं दुखणं आहे."

आबा माझ्याकडे बघत राहिले आणि खो खो हसायला लागले. "त्यो? आजारी? नाव काढून घ्यायला बरी युक्ती हाय तुमची."

त्या हसण्यातच मला उत्तर मिळालं. आम्ही गावातले रोगट शोधत बसलो होतो, आणि आळीनं तर गोठ्यातली सगळ्यात चांगली म्हैस निवडली होती. बाहेर येऊन हवालदारांना विचारलं, "या गावात सगळ्यात दांडगा माणूस कोण?" ते लगेच म्हणाले, "तालमीतला वस्ताद."

डॉक्टरबाईंना घेऊन तालमीत गेलो. वस्ताद दारातून तिरका होऊन बाहेर आला. "वडीलधाऱ्यांनी मागितली, न्हाई कसं म्हनू साहेब?" तो लाजत म्हणाला.

"आणि तुमची स्वतःची बाटली?"

"मी दिलीच न्हाई. मला काय धाड भरलीय?" जुना गुडघा दुखतो म्हणून कित्येक वर्षं तो दुकानातल्या गोळ्या रोज खात होता, तेवढंच काय ते.

बाईंनी त्याला शेजारी बसवून सगळं समजावलं. एवढा मोठा गडी, आखाड्याच्या मातीत बोटं फिरवत बसला. मग म्हणाला, "बाई, पोरगी दुसरीत हाय माझी." मला त्याच्याकडे बघवेना. तेवढ्यात आमच्या मागोमाग येऊन दाराआडून सगळं ऐकलेले आबा पुढं आले. त्यांना आता हसू येत नव्हतं. "बाई, किडनी लागली तर माझी घ्या. दोन्ही घ्या."

"आबा, त्यासाठी आधी तुमची बाटली तपासावी लागेल," बाई म्हणाल्या. "तुमची स्वतःची."

दुसऱ्या दिवशी सगळी आळी बाटल्या घेऊन उभी होती. पुन्हा कुणी संशय घ्यायला नको म्हणून आबांनी पंच म्हणून माझा हवालदार मागितला आणि त्याला मोरीच्या दाराशी उभा केला. हवालदारानं नोकरीतला हा सगळ्यात हलका बंदोबस्त असल्याचं सांगितलं.

वस्तादला कुणाची किडनी लागली नाही. गोळ्या बंद झाल्या, औषधं आणि पथ्य सुरू झालं, आणि आजही तो तालमीत पोरांना डाव शिकवतो.

तरुण अधिकारी भेटले की मी त्यांना सांगतो, चौकशीत माणूस कुठं घाबरतो ते सगळेच बघतात, तो कुठं हसतो तेही बघा. दुसरी गोष्ट मात्र त्यांना सांगवत नाही. सगळी नोकरी खोटं पकडण्यात गेली माझी. पण त्या आळीनं प्रामाणिकपणे आपापली बाटली दिली असती, तर त्या दुसरीतल्या पोरीच्या बापाचं दुखणं कुणाला कळलंच नसतं.