पासाची रेघ आणि नलिनीबाई

नलिनीबाईंची ओळख २०१५ साली झाली. मसोलीतल्या माझ्या विजेच्या मोटारी-पंप दुरुस्तीच्या दुकानात त्या स्वतः आल्या. "भाऊ, तलासरीच्या आमच्या वायरमन वर्गाची परीक्षा आहे. किती गुणांना पास करायचं ते ठरवायला पाच जाणकार हवेत."

"बाई, मी जन्मात परीक्षा दिली नाही. हात भाजून शिकलो."

"म्हणूनच आले."

बाईंची रीत अशी: जेमतेम कामापुरते तयार झालेले दहाजण डोळ्यांसमोर आणायचे. प्रत्येक प्रश्नापुढे लिहायचं, यांतल्या कितींना हा येईल. पाचांच्या आकड्यांची सरासरी काढून पासाची रेघ; आकडे जितके मोठे, तितकी रेघ वर. डोळे मिटून पस्तीस टक्के धरणं बाईंना मंजूर नव्हतं. "रेघ खाली गेली तर कुणाला शॉक, वर गेली तर कुणाच्या पोटावर पाय," त्या म्हणत.

चौघांनी सहा-सात लिहिले. मी नऊ-दहा लिहीत सुटलो. बाईंनी आकडे फळ्यावर मांडले, फेरविचाराला वेळ दिला.

"भाऊ, डोळ्यांसमोर कोण आणलंत?"

"मीच की!"

"आत्ताचे, का विशीतले?"

सगळे हसले. मी चिडलो. "अर्थिंग कळत नाही त्याला तारेला हात लावू द्यायचा?" एकही आकडा बदलला नाही. बाईंनीही बदलायला लावला नाही. जाणकाराचा आकडा त्याचाच, हा त्यांचा नेम. रेघ तीन गुणांनी वर सरकली.

झरी गावची जयवंती त्या परीक्षेत एका गुणाने नापास झाली. बाईंनी मला तिचा पेपर दाखवला. अर्थिंगचं सगळं बरोबर. चुकलं होतं मोटारीच्या पाटीवरचं इंग्रजी. तिथे मी दहा लिहिले होते. विशीत मला तरी कुठे ते वाचता येत होतं?

बाई झरीला जाऊन तिला म्हणाल्या, "पुन्हा बस." ती बसली नाही. रेघ कुणामुळे चढली, हे मात्र त्यांनी आजवर कुणाला सांगितलं नाही. मला त्या एकदाच म्हणाल्या, "मलाही टोचतं, भाऊ. मीच अजून थोडं बोलायला हवं होतं."

पुढे अच्छाडच्या एका धाब्यावर पंप दुरुस्तीला गेलो. भाकऱ्या थापणारी बाई मागून म्हणाली, "काका, कपॅसिटर गेलाय त्याचा." नाव विचारलं, तर झरीची जयवंती. कपॅसिटरच गेला होता.

आज बाई साठ वर्षांच्या झाल्या. त्यांना निरोगी, उदंड आयुष्य लाभो. त्यात माझा स्वार्थही आहे. जयवंतीला पुन्हा परीक्षेला बसवायचं तर बाईच हव्यात. या खेपेला मीही त्यांच्यासोबत अच्छाडला जाणार आहे. रेघ कुणी चढवली, ते तिला मीच सांगेन.