एकही काच फुटली नाही

"थांबा जी सर, आता विझते पाहा."

अंधाऱ्या खोलीत लेसरसमोर बसून ती हे म्हणायची आणि आपण चहाचा कप हातात धरून थांबायचं. तिच्यासमोर लोलक, लोलकाला चिकटवलेली काच आणि काचेवर चांदीचा इतका पातळ थर, की पलीकडचं दिसावं. लोलकाखालची चकती ती हळूहळू फिरवायची. भिंतीवरचा लाल ठिपका फिका होत जायचा आणि एका कोनाला जवळजवळ नाहीसाच व्हायचा. "गेला! गिळला चांदीनं." त्या कोनावरून थराची जाडी आणि चांदीचे प्रकाशगुण काढायचे, हा तिचा पीएच.डी.चा विषय.

ती आमच्या कॉलेजात, चंद्रपूरला, संशोधन करायची; मी तिथंच भौतिकशास्त्र शिकवतो. "लोक दिवे लावतात, तू विझवतेस," असं मी तिला चिडवायचो. ती म्हणायची, "विझल्याबिगर कळत नाई ना जी."

तिचे वडील मूल गावच्या राइस मिलमध्ये कामाला. घरात दहावीच्या पुढे गेलेली ती पहिलीच. वडिलांनी दारावर तिच्या नावाची पाटी रंगवून घेतली होती, तीही नावाआधी चार बोटं जागा सोडून. "तेवढ्यात 'डॉ.' मावते," म्हणायचे.

चांदीचा थर द्यायचं यंत्र नागपूरला. तिथून काचा एसटीनं आणायच्या, आणि एसटीचे धक्के तुम्हाला माहीतच आहेत. वडिलांनी जुन्या सायकलची ट्यूब कापून एकसारखे तुकडे केले आणि डब्यात काचांच्या मधे बसवून दिले. झाकण घट्ट लावलं. एकही काच फुटली नाही.

पण कोन चुकत होता. ठिपका भलत्याच ठिकाणी आणि अर्धवट विझायचा. आम्ही सगळ्यांनी कोळशाच्या धुळीला शिव्या दिल्या. चंद्रपुरात काहीही बिघडलं की धूळ असतेच.

एकदा घाईत एक काच तिनं नुसत्या कागदात गुंडाळून आणली. तिचा कोन अगदी बरोबर आला. तिनं डबा उघडून हुंगला आणि माझ्यापुढे धरला. रबराचा वास. रबरातल्या गंधकानं बंद डब्यात चांदी काळवंडत होती. सगळं मोजमाप त्या काळवंडलेल्या चांदीचं होतं.

मुदत संपत आली होती. तिचे मार्गदर्शक म्हणाले, "कोन थोडे सरकव. कोण बघतंय?"

"सर, मी पाहिलं ना."

तिनं मुदतवाढ मागितली, ती मिळाली नाही. नोंदणी रद्द झाली. मला त्या मार्गदर्शकाचा अजून राग येतो. ती मात्र भांडली नाही. सिरोंच्याला एका शाळेत शिकवायला निघून गेली. जाताना एवढंच म्हणाली, "बाबाले ट्यूबचं सांगू नका जी. जीव लावून कापले त्यायनं."

मागच्या महिन्यात मूलला गेलो होतो, तेव्हा त्यांच्या घरी डोकावलो. वडील ओल्या फडक्यानं पाटी पुसत होते. नाव पुसलं, नावाआधीची रिकामी जागाही पुसली. मला खुर्ची दिली आणि समोर उभेच राहिले.

"सर, एक इचारू? काऊन अडलं जी तिचं? पोरगी सांगत नाई." मग स्वतःच म्हणाले, "माझ्याकडून तं काई कमी पडलं नाई. एक काच फुटू देल्ली नाई मी."

"नाही," मी म्हणालो, "एकही फुटली नाही."