तोरबोर्गनं लघवी तपासायला लावली

उत्तरेकडच्या आमच्या आर्येप्लूग गावात काही घरांतल्या पोटदुखीला ‘घराण्याचं दुखणं’ म्हणत आणि विषय बदलत. पातळ भाकऱ्या भाजून विकणारी तोरबोर्ग काही विषय बदलणाऱ्यांतली नव्हती.

चाळिशीच्या आतच डॉक्टरांनी तिचं पोट दोनदा फाडलं, हाती काही लागलं नाही. पुन्हा कळ उठली, पायांतलं बळ गेलं, तेव्हा तिला किनाऱ्यावरच्या मोठ्या इस्पितळात नेलं.

“बाई, दुखणं पोटात नाही, डोक्यात आहे,” तिथला डॉक्टर म्हणाला. “या झोपेच्या गोळ्या घ्या. उद्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवतो.”

तिनं गोळी थुंकून टाकली. “याच गोळ्या देऊन माझ्या आईला वेडी ठरवलंत. ती तिथंच मेली. तिची लघवी लाल व्हायची, माझीही होते. आधी ती तपासा!”

“लघवीत वेड सापडत नसतं.”

“मग तपासायला घाबरता कशाला?”

सगळा वॉर्ड ऐकत होता. डॉक्टरनं चिडून चिठ्ठी लिहिली.

प्रयोगशाळेत काम करणाऱ्या माय-लीसनं बाटली काळ्या कागदात गुंडाळून नेली. उजेडानं नमुना बिघडतो. नळीतल्या लघवीत औषधाचे थेंब पडले आणि ती लालभडक झाली. खात्रीसाठी तिनं पुन्हा करून पाहिलं, मग नळी घेऊन थेट खाटेपाशी आली. “पोर्फिरिया. रक्ताचा लाल रंग बनताना तुमच्या शरीरात मधेच अडतं, साठलेलं अंगाला बाधतं. या गोळ्यांनी तर ते भडकतं.”

तोरबोर्ग आईसाठी ओक्साबोक्शी रडली. मग डोळे पुसून म्हणाली, “त्या डॉक्टरला दाखव.”

नळी पाहून डॉक्टरनं वेड्यांच्या इस्पितळाचा बेत सोडला. गोळ्या बंद झाल्या, साखरेची सलाईन लागली. वसंतात ती काठी टेकत घरी आली.

“ताई, गावभर बोंबलू नकोस,” धाकटा भाऊ सिक्स्टेन म्हणाला. “माझ्या पोरीशी लग्न कोण करील?”

“आई वेडी होती असं सांगत फिरलास, तेव्हा नाही लाज वाटली?”

रविवारी चर्चनंतरच्या कॉफीला मीही होतो. तोरबोर्ग काठी आपटून उभी राहिली. “आमच्या रक्तात पोर्फिरिया आहे. ज्यांच्या घरी पोट दुखतं, त्यांनी तपासून घ्या. लपवाल तर मराल!”

सिक्स्टेनच्याच पोरीनं, इंगेयेर्डनं कप खाली ठेवला. “आत्या, मलाही ने.”

तिचीही नळी लाल झाली. सिक्स्टेननं बहिणीशी बोलणं टाकलं. पण पुढं इंगेयेर्डचं ऑपरेशन ठरलं, तेव्हा आपल्याला कुठलं औषध चालणार नाही हे तिनं भूल देणाऱ्याला आधीच बजावलं, आणि ती धडधाकट घरी आली. त्या संध्याकाळी सिक्स्टेन तोरबोर्गच्या दारात उभा राहिला, म्हणाला, “माझीही तपासायचीय.”