चकली, ब्रेत्सेल आणि कुकरची रिंग

मुलीच्या फेरेटला मी कुकरची रिंग खेळायला दिली आणि तीच रिंग शोधण्यासाठी सासूबाई कचऱ्याच्या डब्यात हात घालत असताना खिडकीतून बघत राहिलो. दोन्ही गुन्हे मला मान्य आहेत. त्यातला पहिला अज्ञानाने घडला असं म्हणायची सोय असती, तर बरं झालं असतं. पण जर्मनीतल्या झिंडेलफिंगेनमधली माझी कंपनी मला पगार देते तो गाडीच्या दारांचं रबर तपासायला! रबर कुठे फाटतं, कसं फाटतं आणि त्याचा तुकडा कुठे जाऊन अडकतो, यावर मी मीटिंगमध्ये तास तास बोलतो.

फेरेट म्हणजे मुंगसाच्या तोंडवळ्याचा आणि मोज्याच्या लवचीकपणाचा प्राणी. आमच्याकडे दोन आहेत. नावं सईने ठेवली, चकली आणि ब्रेत्सेल, म्हणजे इथला वेटोळ्याचा खारा पाव. (वेटोळं करून झोपल्या की दोन्ही नावं शोभतात.) सई शाळेच्या सहलीला निघाली तेव्हा त्या दोघींना माझ्या स्वाधीन करून गेली. माझी बायको मृणाल दवाखान्यातल्या नोकरीने दमलेली, आणि सासूबाई पुण्याहून तीन महिन्यांसाठी आलेल्या. त्या या दोघींना सरसकट 'मुंगूस' म्हणत. राहिलो मी.

"बाबा, खेळणी विकत नको आणू, घरीच बनव," सई बूट घालता घालता म्हणाली. "पण काइन गुमी! रबर नाही, फोम नाही. त्या चावून गिळतात, मग पोटात अडकतं. आणि टॉयलेट पेपरची नळी नको, डोकं अडकतं. फर्श्टान्डन? कळलं?"

"गेनाऊ," मी म्हणालो. मी ऐकत नसलो की 'गेनाऊ' म्हणतो, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे. नेमकं त्या दिवशी सईला बसची घाई होती.

सुरुवात मात्र मी झकास केली. माझ्या लग्नातल्या सुटाच्या पँटचा एक पाय कापून बोगदा केला. चकली एका टोकाने आत शिरली, दुसऱ्या टोकाने बाहेर आली आणि आनंदाने उड्या मारत भिंतीवर आपटली. फेरेटच्या भाषेत ही टाळ्यांची दाद समजली जाते.

मृणाल म्हणाली, "बरं झालं. ती पँट अखेर कोणाला तरी बसली!"

यशाने मी चेकाळलो. दुसऱ्या दिवशी मोठ्या खोक्यात तांदूळ ओतून उकरायची जागा तयार केली. कोरडे तांदूळ चालतात, कडधान्य नको, ते पोटात फुगतं, एवढं मी खास वाचून काढलं होतं. कपाटात समोर दिसली ती पिशवी उघडली. दोघी त्यात बुड्या मारू लागल्या, दाणे छतापर्यंत उडाले, आणि सासूबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"श्रीकांतराव, हा आंबेमोहोर आहे."

"हो का? दाणा छान बारीक आहे, आई. लागत नाही त्यांना."

"सामान जास्त झालं म्हणून विमानतळावर माझ्या दोन साड्या काढून ठेवल्या, पण हा आणला. मुंगसांनी लोळावं म्हणून!"

मी माफी मागायला तोंड उघडलं, तेवढ्यात ब्रेत्सेलने तांदळात असं काही केलं, की माफीचा विषयच मागे पडला.

शहाणा माणूस इथे थांबला असता. मला मात्र आता 'ओढाओढीचं खेळणं' हवं होतं. स्वयंपाकघरात दारामागच्या खिळ्यावर कुकरची रिंग टांगलेली दिसली. आता, मराठी घरात कुकरची जुनी रिंग कधीही टाकत नाहीत. 'असू दे, लागेल' म्हणून ती वर्षानुवर्षं कुठेतरी लोंबत असते आणि ती लागल्याचं मी जन्मात पाहिलेलं नाही. म्हटलं, हीच ती! रिंगला जुना मोजा बांधला आणि दोघींपुढे टाकली. अहाहा! एक या बाजूने ओढतेय, दुसरी त्या बाजूने. मी व्हिडिओसुद्धा काढला. (नंतर पुरावा म्हणून तो फार उपयोगी पडला. माझ्याविरुद्ध.)

रविवारी सकाळी सासूबाईंनी वरणभाताचा कुकर लावला. चारी बाजूंनी वाफ! शिट्टीचं नाव नाही.

"मृणाल, अगं नवी रिंग कुठाय? ही जुनी बसवून बघितली, राहतच नाही. नवी धुऊन मी खिळ्याला वाळत घातली होती."

मी चहाचा कप खाली ठेवला. जुनी ड्रॉवरमध्ये होती. खिळ्यावरची नवी होती!

"आई, तूच ओट्यावरचं आवरताना सालांबरोबर टाकली असशील," मृणाल म्हणाली. "परवा चष्मा नाही का फ्रीजमध्ये ठेवलास?"

इथे, वाचकहो, मी बोलायला हवं होतं. वाक्य अगदी ओठांवर होतं. पण सासूबाईच विचारात पडल्या, "टाकली असेन बाई. हल्ली काही भरवसा नाही माझा," असं म्हणाल्या आणि चप्पल घालून खाली कचऱ्याच्या डब्याकडे निघाल्यासुद्धा. मी मनाशी ठरवलं, त्या परत येईपर्यंत सोफ्याखालून रिंग काढू, धुऊन खिळ्याला लावू, आणि 'अहो, इथेच तर आहे!' म्हणू. म्हणजे वर शाबासकीही मिळेल!

सोफ्याखाली फेरेटांचा खजिना होता. माझी किल्ली, सईचे तीन मोजे, एक बटाटा. आणि रिंग. रिंग काढून उजेडात धरली. तिचा बोटभर तुकडा गायब होता!

खिडकीशी गेलो. खाली सासूबाई काळ्या डब्यात कोपरापर्यंत हात घालून उभ्या. त्यांनी वर पाहिलं. मी काय करावं? अंगठा दाखवला! 'चालू द्या' असा!

थोड्या वेळाने त्या वर आल्या त्या हातात झाकलेलं भांडं घेऊन.

"रिंग नाही मिळाली. पण त्या वरच्या मजल्यावरच्या फ्राऊ हेबर्ले खाली आल्या, माझा हात धरला आणि हे बटाट्याचं सॅलड दिलं. डोळ्यांत पाणी होतं हो त्यांच्या. फार मायाळू बाई."

मृणालने माझ्याकडे पाहिलं. मी सॅलडकडे पाहिलं. या घरात म्हातारीला जेवायला घालत नाहीत, हे आता वरच्या मजल्यापर्यंत पोहोचलं होतं.

तेवढ्यात मृणाल म्हणाली, "चकलीने सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही. वाटी भरलेली आहे."

"डॉक्टरकडे नेऊ या!" मी किंचाळलो. "आत्ता!"

"अरे, झालंय काय?"

"तिचा चेहरा बघ, किती उतरलाय!"

"फेरेटचा?"

रविवारचा तातडीचा जनावरांचा दवाखाना गाठला. सासूबाईही आल्या, चकलीला शालीत गुंडाळून मांडीवर घेऊन बसल्या. पंधरा दिवसांपूर्वी तिला मुंगूस म्हणून नाक मुरडणाऱ्या या बाई आता तिच्या पाठीवरून हात फिरवत रामरक्षा पुटपुटत होत्या. मला सईचा चेहरा दिसत होता. सहलीहून उतरेल, धावत येईल, आणि पिंजऱ्यात एकटी ब्रेत्सेल असेल.

डॉक्टर तरुण होती. तिने चकलीचं पोट दाबून पाहिलं. "आल्झो, तर पोट कडक लागतंय. काही वेगळं खाल्लंय का?"

मृणालने मराठीत विचारलं, "आई, तू काही भरवलंस का तिला?"

सासूबाईंचा चेहरा पडला. "उकडलेलं अंडं," त्या हळूच म्हणाल्या. "मी घालते रोज. आज दोन घातली. वाटीतले ते दगडासारखे दाणे कसे खाईल गं ती? माझ्यामुळे काही झालं का तिला?"

ज्या बाईने माझ्या घरात अंड्याचं पातेलं वेगळं ठेवायला लावलं, ती मुंगसासाठी रोज गुपचूप अंडं उकडत होती! आणि आता तिचे डोळे भरून आले होते. माझ्यातला भित्रा माणूस एक क्षण म्हणाला, अंडं तर अंडं, बरंच झालं. त्या क्षणाची मला अजून लाज वाटते.

"अंडं नाही!" मी ओरडलो. "रबर! मी दिलं! कुकरची रिंग, सिलिकॉनची, खाण्याच्या दर्जाची, बोटभर तुकडा, कापलेल्या कडा दातेरी!" जर्मन भाषेत इतकं अचूक निवेदन मी आजवर ऑफिसातही केलेलं नाही. मग तेच मराठीत केलं. दुसऱ्या वेळी जास्त अवघड गेलं.

डॉक्टरने चकलीची सोनोग्राफी केली आणि बराच वेळ पडदा निरखत राहिली.

"अडकलेलं काही दिसत नाही," ती शेवटी म्हणाली. "पोटात अंडं आहे. खूप अंडं. तिचं पोट भरलंय, म्हणून ती जेवत नाहीये. आज लक्ष ठेवा आणि शी तपासा." मग माझ्याकडे वळून, "ती तुम्ही तपासा."

घरी आलो. मी बोगद्याची पँट उलटी केली, तर दुमडीतून रबराचा तुकडा टपकन पडला. रिंगला लावून पाहिला. तंतोतंत! मी तिथेच फरशीवर बसून रडलो. ब्रेत्सेलने संधी साधून तो तुकडा पुन्हा पळवला, आणि मग सोफा हलवावा लागला.

तुकडा खिशात टाकून मी सासूबाईंसमोर हात जोडले. "आई, चुकलं माझं. रिंग मी घेतली, खापर तुमच्यावर फुटू दिलं, आणि तुम्ही कचरा उपसत असताना वरून बघत राहिलो."

"अंगठा दाखवलात," त्या म्हणाल्या.

"अंगठाही दाखवला. माफ करा."

"माझं काय, मी केव्हाच केलं माफ. विसरभोळी नाही मी, एवढं कळलं, मला तेच पुष्कळ. पण मृणाल म्हणते, वर त्या बाईंना वाटतंय, माझी लेक मला उपाशी ठेवते. चला, त्यांना सांगा. त्यांच्या भाषेत. माझ्यासमोर."

धुतलेलं भांडं हातात घेऊन मी जिना चढलो. मागे सासूबाई, पहारेकऱ्यासारख्या. फ्राऊ हेबर्लेंनी दार उघडलं. मी घसा साफ केला आणि सगळं सांगितलं. आमच्या घरी सासूबाईंना पोटभर जेवण मिळतं. त्या खाण्यासाठी नाही, माझ्या चुकीसाठी कचरा धुंडाळत होत्या. त्या निर्दोष आहेत, माझी बायकोही निर्दोष आहे, आणि मी एक मूर्ख माणूस आहे. मला फार वाईट वाटतं.

फ्राऊ हेबर्लेंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आणि अगदी शांतपणे म्हणाल्या, "गेनाऊ."

"काय म्हणाल्या हो?" सासूबाईंनी मागून विचारलं.

आणखी खोटं बोलायचं नाही, असं मी दवाखान्यातच ठरवलं होतं. "म्हणाल्या, अगदी बरोबर."